घाटात गाडी कलते, म्हणजे कंपनीचं सस्पेन्शन कमजोर आहे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकीचं समजलो असेन तर लगेच सांगा. जालन्याहून चाळीसगावला सासरी जाणं-येणं असतं, रस्ता कन्नडच्या औट्रम घाटातून. गाडी पेट्रोल हॅचबॅक, ६० हजार किलोमीटर झालेली, टायर अजून कंपनीचेच. घाट उतरताना ६०-७० च्या वेगात वळण घेतलं की गाडी एका अंगाला फार कलते, आणि एक-दोन ठिकाणी ऐन वळणात मागचा भाग बाजूला हुचकतो. ॲक्सेसरीवाल्यानं सांगितलं की कंपनीचं सस्पेन्शन शहरापुरतं असतं. जोरात वळायचं तर लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी कडक स्प्रिंग) टाका आणि मागे जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं कमी करणारा दांडा) लावा. खर्च ४० हजारांच्या घरात. मेव्हणे म्हणतात, काही गरज नाही, कंपनीचं आहे ते भरपूर आहे. मग खरं कोणाचं? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: दोन वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजी किट बसवलंय.

मी छत्रपती संभाजीनगरात अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचंच काम करतो. माझ्या दृष्टीनं ती शेवटची ओळ सगळ्यात वर हवी होती. तिच्याकडे येतोच.

तुम्ही एका प्रश्नात दोन तक्रारी बांधल्यात: कलणं आणि हुचकणं. दोन्ही एकाच वळणात जाणवतात म्हणून एकच वाटतात, पण दोन्हींची कारणं वेगळी आहेत. कलणं हा बहुतेक वेळा दोष नसतोच. हुचकणं हा बहुतेक वेळा दोष असतो, आणि तो कारखान्यातून आलेला नसतो. दुकानदार तुम्हाला पहिल्यावरचं औषध दुसऱ्यासाठी विकतोय.

आता यात गाडीप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे बदलणारं बरंच आहे, ते आधीच कबूल करतो. मी तुमची गाडी पाहिलेली नाही. ५ माणसं बसलीत की दोन, टायर किती जुने, गाडी कधी खड्ड्यात जोरात आदळली का, यावर उत्तर फिरतं. तरी स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी या सगळ्यांची मांडणी एकच आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा), म्हणून खालचं सगळं तुमच्या गाडीला लागू पडेल असं धरून लिहितो.

कलण्यापासून सुरू करू. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार कमी होतो आणि तेवढाच बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो हे तीन गोष्टींवर ठरतं: बाजूचा जोर किती, गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच, आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर किती. समजा माणसं आणि सिलिंडर धरून गाडी १२०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर, चाकांमधलं अंतर १४८ सेंटीमीटर. वळणात वजनाच्या निम्म्याइतका जोर बाजूला आला, तर सुमारे २२३ किलो आतून बाहेर सरकतात. आतल्या दोन चाकांवर ६०० ऐवजी ३७७ उरले, बाहेरच्या दोनवर ८२३ गेले. या हिशेबात स्प्रिंग कुठंच आली नाही हे बघा. स्प्रिंग कडक असो की मऊ, ते २२३ किलो जवळपास तसेच सरकणार. मऊ स्प्रिंगवर बॉडी जास्त झुकते आणि डोळ्याला कळतं. कडक स्प्रिंगवर कमी झुकते आणि कळत नाही, एवढाच फरक. कडक गाडी "धरून चालते" असं वाटतं त्यात निम्मा भाग हा आपल्या पोटाला आणि मानेला आलेल्या आरामाचा असतो.

सगळाच तसा नसतो, हेही सांगायला हवं, नाहीतर दुकानदार म्हणेल मी अर्धंच सांगितलं. मॅकफर्सन स्ट्रटवर बॉडी फार झुकली की बाहेरचं पुढचं चाकही रस्त्याच्या हिशेबात बाहेर झुकतं आणि टायरच्या बाहेरच्या कडेवर जास्त भार येतो. म्हणून कलणं आटोक्यात ठेवलं तर पुढची पकड थोडी सुधारते, हे खरं. शिवाय स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लवकर प्रतिसाद देते. ट्रॅकवर सेकंद मोजणाऱ्याला या दोन्हीचा उपयोग आहे.

आता तुमच्या वेगाकडे येऊ. मोकळं, साधारण ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ५० च्या वेगानं बाजूचा जोर गाडीच्या वजनाच्या ३९ टक्के होतो. ६० नं ५७ टक्के. ७० नं ७७. आणि ८० ला पूर्ण वजनाइतका. वेग दहानं वाढला पण जोर वर्गाच्या हिशेबानं वाढतो, म्हणून "आज थोडंच जोरात घेतलं" यातलं थोडंच हे थोडं नसतं. चांगल्या स्थितीतला साधा टायर कोरड्या, स्वच्छ डांबरावर वजनाच्या ८०-९० टक्क्यांपर्यंत धरतो. म्हणजे त्या वळणात ७० ला तुम्ही जवळजवळ काठावर आहात आणि ८० ला गाडी रस्त्यावर राहणं शक्यच नाही, खाली कितीही महागडी स्प्रिंग असो. घाटातली आखडती वळणं तर याहून फार लहान असतात. १५ मीटर त्रिज्येच्या वळणात ४० लाच ८४ टक्के होतात. तेव्हा तुमचे ६०-७० हे मोकळ्या वळणांवरचे असणार असं मी धरतो. दरीच्या बाजूला वाळू, पावसाळ्यात वरून आलेली माती, टायरची नक्षी घासलेली, यातलं काहीही असलं की तो ८०-९० चा आकडा निम्म्यावर यायला वेळ लागत नाही.

तर पहिल्या भागाचं उत्तर: धडधाकट अवस्थेतलं कंपनीचं सस्पेन्शन टायरच्या मर्यादेपर्यंत गाडीला नेतं. त्याच्या पुढे नेणारं काही विकत मिळत नाही, आणि त्या मर्यादेच्या आसपास सार्वजनिक घाटात फिरायचं काम नाही. इथपर्यंत मेव्हण्यांचं खरं. पण "धडधाकट अवस्थेतलं" हे शब्द त्यांनी वापरले नव्हते, आणि तुमची खरी अडचण तिथंच आहे.

त्याआधी जाड बारचं सांगतो, कारण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. कंपनी पुढच्या आणि मागच्या बाजूचा कडकपणा मुद्दाम असा ठरवते की मर्यादा ओलांडली तर आधी पुढची चाकं सुटावीत. म्हणजे तुम्ही वळवताय आणि गाडीचं नाक वळणाबाहेर सरकतंय असं होतं. घाबरून माणूस ॲक्सिलेटर सोडतो, वेग उतरतो, पुढच्या चाकांवर भार येतो आणि गाडी परत वळायला लागते. न शिकलेल्या माणसाच्या हातून नकळत जे घडतं तेच इथं उपायाचं काम करतं. म्हणून पुढे अँटी-रोल बार असतो आणि मागे बहुतेक हॅचबॅकना वेगळा बार नसतो. तो आडवा बीमच पिळून बारचं काम करतो.

त्या बीमला जाड बार जोडला की मागचा कडकपणा वाढतो. एकूण सरकणारा भार तेवढाच आहे, पण आता त्यातला जास्त वाटा मागची दोन चाकं उचलतात. टायरचा एक स्वभाव आहे: भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे ज्या ॲक्सलवर भाराची वाटणी जास्त विषम, त्याची एकूण पकड कमी. जाड बारनं मागची पकड कमी होते आणि तुलनेनं पुढची वाढल्यासारखी वाटते. नाक झटकन वळतं, मालक खूश होतो, दुकानदार म्हणतो बघा कशी कापते. सपाट, कोरड्या ट्रॅकवर ती खरंच कापते. पण घाट उतरताना गाडीचं वजन आधीच पुढे कललेलं असतं, मागची चाकं हलकी असतात, त्यात वळणात ब्रेक लागला तर आतलं मागचं चाक हवेत तरंगू शकतं. आणि मागचा भाग सुटला की ॲक्सिलेटर सोडणं हा उपाय उलटा पडतो, गाडी आणखी फिरते. ज्या गाडीचा मागचा भाग हुचकतोय अशी तुमचीच तक्रार आहे, तिला मागची पकड कमी करणारी वस्तू लावायची, हे मला पटत नाही.

लोअरिंग स्प्रिंगचं थोडक्यात. गाडी ३०-४० मिलिमीटर खाली आली की गुरुत्वमध्य उतरतो, तेवढा फायदा खरा. पण तेवढीच चाकाची वरची हालचाल कमी होते. वळणात बाहेरची स्प्रिंग आधीच दबलेली, त्यात उंचवटा आला की शॉकअपच्या दांड्यावरचं बंप रबर (स्प्रिंग पूर्ण दबली की शेवटचा धक्का झेलणारं रबर) टेकतं, आणि त्या क्षणी स्प्रिंग नसून दगड असल्यासारखा कडकपणा येतो. चाक उडतं. दुसरं म्हणजे मॅकफर्सनची गाडी जास्त खाली घेतली की लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो, आणि बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. म्हणजे झुकवणारा हात लांबतो. स्प्रिंग कडक असते म्हणून ते झाकलं जातं, एवढंच. आणि आपल्याकडचे गावागावांतले गतिरोधक तुम्हाला माहीत आहेतच. भोकरदन रोडला किंवा बीडच्या बाजूला खाली घेतलेली गाडी चालवणारा माणूस रोज आडवी-तिडवी करून ती ओलांडत असतो.

आता हुचकणं. इथं आपला मुलूख मध्ये येतो. मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी दोन-तीन पावसाळ्यांत लाटा धरतो, कडा बसतात, मोरीच्या दोन्ही बाजूंना पायरी तयार होते. घाटात खाली खडक असतो, पण तिथंही अवजड गाड्यांच्या ब्रेकनं वळणाच्या तोंडाशी डांबर सरकून घड्या पडतात. सरळ रस्त्यावर या लाटा फक्त पोटात ढवळतात. वळणात मात्र त्याच लाटेवर चाकाचा रस्त्याशी संबंध क्षणभर तुटला, तर तेवढ्या क्षणापुरती बाजूची पकड शून्य. मागचा भाग दोन बोटं बाहेर सरकतो, चाक परत टेकतं, पकड परत येते. तुम्हाला जाणवतं ते हुचकणं हेच.

चाकाला त्या लाटेवरून लगेच खाली आणून रस्त्यावर दाबून ठेवायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग वजन पेलते, पण एकदा दबली की नाचत राहणं हा तिचा धर्म. ते नाचणं थांबवतो तो शॉकअप. ६० हजार किलोमीटर आपल्या रस्त्यांवर म्हणजे मागचे शॉकअप थकले असण्याची शक्यता मोठी. लोक पुढचे बदलतात, कारण खडखड पुढून ऐकू येते. मागचे बिचारे आवाज न करता संपतात.

बॉनेट किंवा डिकी दाबून सोडायची आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. ती मेलेला शॉकअप दाखवते, थकलेला दाखवत नाही. मी गाडी रॅम्पवर घेतली की आधी टायरवर तळहात फिरवतो, डोळ्यांनी बघण्याआधी. मागच्या टायरवर आडवा, आतल्या कडेकडून बाहेर आणि मग बाहेरून आत. निरोगी टायर दोन्हीकडून सारखा लागतो. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखा बोचला तर अलाइनमेंट बिघडलंय. आणि घेराच्या दिशेनं हात फिरवताना उंच-सखल, उंच-सखल असे वाटीसारखे खळगे लागले तर ते चाक रस्त्यावर उड्या मारत आलंय. शॉकअपचा निकाल तिथंच लागतो. मग शॉकअपच्या अंगाकडे बघायचं. वर नुसता धुळीचा ओलसर थर असेल तर त्याला मी गळती म्हणत नाही, तेवढं चालतं. तेल ओघळून खालच्या बोल्टपर्यंत आलं असेल तर संपला. त्याच्यावरचा डस्ट कव्हर सरकवला की आत बंप रबर दिसतं. पुष्कळदा ते दिसतच नाही. बोटाला पिवळसर भुगा लागतो. तो भुगा म्हणजे ती गाडी बराच काळ मागे पूर्ण दबून आपटत होती याची खूण.

आणि इथं ती शेवटची ओळ येते. साठ लिटरचा लोखंडी सिलिंडर, त्याची फ्रेम आणि गॅस मिळून साठ-सत्तर किलोचा माणूस तुमच्या डिकीत रोज, चोवीस तास बसलेला आहे, तोही मागच्या ॲक्सलच्या जवळपास. कंपनी स्वतः सीएनजी गाडी काढते तेव्हा हा भार आधीच धरून मागचं सस्पेन्शन ठरवते. बाहेरून किट बसवणारा सिलिंडर बसवतो, स्प्रिंगला हात लावत नाही. मागची गाडी कायमची खाली बसते, वर-खाली व्हायला जी जागा होती तिच्यातली काही आधीच खर्च झालेली असते. त्यात मागे दोघं बसले, सासरहून आलेलं धान्याचं पोतं ठेवलं, की वळणातली पहिली लाट थेट बंप रबरवर जाते.

हे झाकायला बाजारात स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर मिळतात. किट बसवणाऱ्यानं तुम्हाला ते लावून दिले असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही. एकदा वाकून बघा. गाडी मागून उचलली जाते खरी, पण दोन वेढे बांधले गेल्यानं स्प्रिंग कडक होते आणि मागचा कडकपणा वाढून वर सांगितलेल्या जाड बारसारखाच परिणाम होतो. शिवाय दोन्ही बाजूंचे बफर सारखे बसलेले क्वचितच असतात. डाव्या वळणात एक गाडी आणि उजव्या वळणात दुसरी, अशी तक्रार घेऊन माणूस आला की मी पहिलं हेच बघतो. असतील तर काढा. त्याच गाडीची कंपनीची सीएनजी आवृत्ती निघत असेल तर तिच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर काढून त्या बसवणं हा सरळ मार्ग आहे. पार्ट कंपनीचाच राहतो आणि भारासाठीच केलेला असतो.

हवेबद्दलही विचारतो, कारण हे फुकट आहे. सिलिंडर बसल्यावर मागची हवा बदललीत का? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर दोन माणसांसाठीचा आणि पूर्ण भारासाठीचा आकडा वेगवेगळा दिलेला असू शकतो. तुमची गाडी कायम भार घेऊन फिरते, तेव्हा मागे भारासाठीचाच आकडा घ्या. आणि हवा सकाळी, गाडी घरून निघण्याआधी बघा. मे महिन्याच्या दुपारी जालना रोडवर चालून आलेल्या टायरमध्ये पंपावरचा गेज जास्तच दाखवणार. तो बघून हवा कमी केली की रात्री टायर मऊ. याउलट ॲव्हरेजसाठी ४० भरून फिरणारेही आहेत. त्यांचा टायर मधल्या पट्ट्यावर चालतो आणि वळणात लाटेवर चेंडूसारखा उडतो.

टायर ६० हजारांनंतर अजून पहिलेच असतील तर नक्षीतल्या खाचांत जे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला रबर आलंय का बघा. ते उंचवटे १.६ मिलिमीटरवर असतात. बरोबरी झाली म्हणजे टायर कायद्यानंही संपला. त्याआधी वय बघा. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: २३१९ लिहिलेलं असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात सहा-सात वर्षांचं रबर नक्षी शाबूत असूनही टणक होतं, आणि टणक रबर वळणात लवकर सुटतं. ४० हजारांतले पैसे आधी कुठं घालायचे असं विचारलंत तर मी टायर म्हणेन; कामाचा क्रम मात्र वेगळा, तो खाली देतो.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट, पण माझ्या मते घाटापेक्षा महत्त्वाची. सस्पेन्शनची खरी परीक्षा मराठवाड्यात घाटात होत नाही, कारण घाटात माणूस सावध असतो. ती होते गाळप हंगामात, रात्री, सरळ रस्त्यावर, जेव्हा उसानं भरलेली, मागे लाल दिवा की रिफ्लेक्टर काही नसलेली ट्रॉली ८० च्या वेगात एकदम समोर उगवते. तुम्ही उजवीकडे झटका देता, समोरून उजेड दिसतो, लगेच डावीकडे दुसरा झटका. पहिल्या झटक्यात बॉडी एका बाजूला झुकते आणि त्या बाजूच्या स्प्रिंगमध्ये ताकद साठते. दुसऱ्या झटक्यात ती साठलेली ताकद आणि नवा जोर एकाच दिशेनं येतात आणि बॉडी आधीपेक्षा जास्त जोरानं उलटी फेकली जाते. इथं किती कलली याला महत्त्व नाही, किती लवकर शांत झाली याला आहे. शांत करणारा परत शॉकअपच. थकलेल्या मागच्या शॉकअपची गाडी दुसऱ्या झटक्यात फिरते.

स्वीडनमध्ये रस्त्यावर अचानक येणाऱ्या मोठ्या सांबरासारख्या प्राण्यावरून याच प्रकारची चाचणी घेतात. १९९७ साली मर्सिडीझची नवी ए-क्लास त्या चाचणीत उलटली होती. कंपनीनं गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं आणि त्या छोट्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) सरसकट द्यायला सुरुवात केली. म्हणजे कारखान्यातून आलेलं सगळंच बरोबर असतं असं माझं म्हणणं नाही. पण तेव्हापासून कंपन्या हा डबल झटका डोळ्यासमोर ठेवूनच स्प्रिंग, शॉकअप, बार आणि टायर यांचा मेळ घालतात. तुमच्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर तोही त्याच मेळावर बेतलेला आहे. त्यातला एक तुकडा बदलला की तो संगणक जुन्याच गाडीचा हिशेब करत राहतो.

कंपनीचं कुठं कमी पडतं तेही सांगतो. उंच, चासीवर बांधलेल्या गाड्या, विशेषतः मागे पाटे असलेल्या, रिकाम्या असताना मागून उडतातच. त्यांना चांगल्या प्रतीच्या शॉकअपनं खरोखर फरक पडतो. कायम सात-आठ माणसं नेणाऱ्या वडाप गाड्यांचंही तसंच. आणि ज्याला ट्रॅकवर जायचंय त्यानं खुशाल जोडीनं जुळवलेला स्प्रिंग-शॉकअपचा पूर्ण संच घ्यावा, नुसती स्प्रिंग कधीच नाही. तुमची गरज यातली नाही. शिवाय असे बदल केले तर विमा कंपनीला कळवावं लागतं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन घालतं. अपघातानंतर सर्व्हेअर खाली वाकून बघतो तेव्हा हा मुद्दा निघतो, तोवर कोणी काढत नाही. सीएनजीची नोंद आरसीवर आहे ना, हेही त्याच कारणानं एकदा बघून घ्या.

तर कामाचा क्रम माझ्याकडे असा राहील. उद्या सकाळी हवा. मग कुठल्याही भरवशाच्या ठिकाणी गाडी वर घेऊन मागचे बफर, बंप रबर आणि शॉकअप बघून घ्या; शॉकअप बदलायचे तर जोडीनं, एक कधीच नाही, आणि बंप रबर व वरचं माउंटिंग त्याच वेळी नवं. बीमचे दोन मोठे बुश (सांध्यातले रबर) पहारीनं हलवून बघायला सांगा. ते फाटले असतील तर वळणात अख्खा बीम किंचित तिरका होतो आणि मागची चाकं स्वतःच थोडी वळतात, ते हुचकणं शॉकअप बदलून जात नाही. पुढे लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारा छोटा दांडा) आणि लोअर आर्मचे बुश. मग टायर, आणि शेवटी अलाइनमेंट. अलाइनमेंट आधी करून घेऊ नका, बुश बदलले की परत करावं लागतं. हे सगळं मिळून, टायर सोडले, तर दुकानदारानं सांगितलेल्या रकमेच्या बऱ्याच आत बसेल.

तोवर घाटात वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच उतरवा, गिअर तिथंच टाका आणि वळणात ब्रेकवर पाय ठेवू नका. गाडी न्यूट्रलला सोडून उतरणारे अजूनही दिसतात, तुम्ही त्यातले नसाल असं धरतो.

अलाइनमेंट केल्यावर त्याचा छापील कागद मागून घ्या, "झालं भाऊ" यावर निघू नका. पुढच्या चाकांचे आकडे दुरुस्त करता येतात, म्हणून सगळे तेवढेच बघतात. मागचे आकडे टॉर्शन बीमवर बहुतेक गाड्यांत फिरवता येतच नाहीत, म्हणून तिकडं कोणी बघत नाही. पण एका मागच्या चाकाचा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय) किंवा कॅम्बर (चाक वरून किती कललंय) लाल दिसत असेल आणि दुसऱ्याचा हिरवा, तर बीम किंवा हबचा दांडा वाकलेला असू शकतो. कधीतरी ते चाक दुभाजकावर किंवा खोल खड्ड्यात बसलंय. तसं निघालं तर वर लिहिलेलं सगळं करूनही एकाच बाजूच्या वळणात गाडी हुचकत राहील, आणि तो भाग बदलल्याशिवाय ते जाणार नाही. तो कागद आणि टायरवरचे चार आकडे इथं टाका, मग नेमकं सांगता येईल.